‘पसंद’च्या पुढची खरखर

रविवार, १३ एप्रिल. दुपारी ४.१०

बघण्याचा कार्यक्रम झाला. व्हिडिओ कॉलवर. देवळ्याकडे कांदा काढणी जोरात, घरात कोणाला उसंत नाही, त्यात मुलीच्या आजोबांचा पाय प्लास्टरमध्ये. म्हणून आधी लॅपटॉपवर बघा, मग प्रत्यक्ष या, असं ठरलेलं. मध्यस्थ आईचे मावसभाऊ, सायखेड्याचे सोमनाथमामा.

मुलगी भाग्यश्री. डी. फार्म. देवळ्यात मेडिकल दुकानात बसते. आवड काय, असं तिने विचारलं. मी साऊंड या विषयावर अकरा मिनिटं बोललो. तिने ऐकून घेतलं. मधे एक जांभई दिली, पण ती कांद्याच्या श्रमाची होती.

लॅपटॉपचा स्पीकर दोन वर्षांपूर्वी चहा प्यायला, तेव्हापासून बंद. त्यामुळे हेडफोन माझ्या कानावर. ते बोलतील ते मी ऐकायचं आणि शेजारी बसलेल्या आई-बाबांना सांगायचं. बाबा सगळा कॉलभर हात जोडून बसले. आता खाली घ्या म्हणून सांगायचं माझ्याकडून राहिलं.

शेवटी आजोबा पुंजाबाबा फोनपाशी आले. त्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. स्क्रीनभर फक्त मिशा. म्हणाले, ‘आमले पोऱ्या पसंद’ आणि पुढे श्श अशी खरखर होऊन कॉल कट झाला.

पसंद काय? आहे की नाही?

मराठी भाषेचा हाच वैताग आहे. सगळा निकाल शेवटच्या शब्दात. इंग्रजीत नकार कसा मधेच उरकून टाकतात, माणूस मोकळा होतो.

संध्याकाळी ७.००

कॉल रेकॉर्ड केला होता. (सवय. मी कॉल क्वालिटी ऑडिटर आहे. कस्टमर केअरच्या पोरापोरींनी समोरच्याचं नीट ऐकून घेतलं की नाही, यावर मी घरबसल्या मार्क देतो.) ते शेवटचं वाक्य तेवीस वेळा ऐकलं. खेड्यात ‘आहे’ला ‘हाय’ म्हणतात आणि ‘नाही’ला ‘नाय’, हे मला ठाऊक आहे. म्हणजे ‘ह’ ऐकू आला की लग्न, ‘न’ ऐकू आला की विषय संपला. पण ‘पसंद’च्या पुढे फक्त श्श.

यालाच ऑडिओच्या भाषेत हिस म्हणतात.

सोमवार, १४ एप्रिल

बाबा म्हणतात, फोन कर आणि विचार. त्यांना प्रत्येक गोष्टीवर हाच उपाय सुचतो. झेंडूचा भाव असो की माणसाचं आयुष्य, लाव फोन. मी समजावलं की मुलाकडच्यांनी असं मागे लागणं शोभत नाही. भीतीचा प्रश्नच नाही. याआधीची सहा स्थळं अजून पेंडिंग आहेत, सहाही ठिकाणांहून कळवतो असं आलेलं आहे. एक तर चार वर्षांपासून कळवतंय. मी कधी कोणाला घाई केली नाही.

हेडफोन आईच्या कानावर लावला. ती म्हणाली, म्हातारा काहीतरी शे-शे करतोय बाई, दात नसतील.

म्हणजे हिस आईलाही ऐकू आला. प्रॉब्लेम खरा आहे. तिसरं मत म्हणून दिशाला बोलावलं. दिशा माझी धाकटी बहीण, तिला माझ्या कानांची कदर नाही. ती म्हणाली, दादा, तुला लग्नात घोडं लागणार नाही, हेडफोनच लागणार. तिचं मत धरलं नाही.

मंगळवार, १५ एप्रिल

रोगाचं मूळ सापडलं. लॅपटॉपचं हेडफोनचं भोक! आतल्या आत मोटार, पंखा, चार्जिंग, सगळ्याची खरखर त्याच वाटेने कानात येते. चार तास व्हिडिओ बघितले. उपाय एकच: डॅक. बोटाएवढं यंत्र. लॅपटॉपला बाहेरून लावायचं, हेडफोन त्याला लावायचा. लॅपटॉपमधल्या आकड्यांचा आवाज ते बाहेर, शांतपणे, स्वच्छ करून देतं. एका तज्ज्ञाने तर सांगितलं की, डॅक लावल्यावर त्याला तीस वर्षांपूर्वीच्या गाण्यात तबलजीची खुर्ची करकरलेली ऐकू आली.

खुर्ची ऐकू येते तर ‘हाय’ येणार नाही?

स्वस्तातला आणि मस्त असा एक निवडला. ऑर्डर केला. गुरुवारपर्यंत येईल. शुक्रवारी निकाल हातात, शनिवारी मामांना फोन, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साखरपुडा. तीस तारखेला आखाजी. भरपूर वेळ आहे.

गुरुवार, १७ एप्रिल

डॅक आला नाही. म्हणजे आला, पण एकलहऱ्याला. मी पॉवर स्टेशनला अप्रेंटिस होतो तेव्हाचा पत्ता ॲपने परस्पर उचलला. मी फक्त ‘कन्फर्म’ दाबलं होतं. आपण राहतो मखमलाबादला, शहराच्या या टोकाला, आणि एकलहरे त्या टोकाला. हे ॲपला कळू नये?

दुपारी सोमनाथमामांचा फोन. बाबा मार्केटला गेलेले, फोन घरी, म्हणून मी घेतला. मामा म्हणाले, तिकडचं तर तू पुंजाबाबांच्या तोंडूनच ऐकलंस, आता तुमचं बोला. आता ‘ऐकलंस’ म्हटल्यावर मी काय, नाही ऐकलं म्हणू? ऑडिटर माणूस! म्हटलं, हो, ऐकलं ना, अगदी व्यवस्थित. मग तुमचं काय, असं त्यांनी परत विचारलं. म्हटलं, थोडी अडचण आहे, ती सुटली की कळवतो.

मामा एकदम गप्प. मग बरं म्हणाले, सायखेड्यात ऊन किती आहे ते सांगितलं आणि फोन ठेवला. रेंज गेली असावी.

बाबांना सांगितलं की मामांशी बोलणं झालं, सगळं पॉझिटिव्ह आहे.

शनिवार, १९ एप्रिल

एकलहऱ्याला जाऊन आलो. ऊन मी म्हणत होतं. माझ्या जुन्या खोलीत आता मयूर नावाचा इंजिनीअर राहतो. त्याने पार्सल उघडून दोन दिवस वापरलं होतं. विचारलं कसं वाटलं, तर म्हणाला, काही फरक नाही. इंजिनीअर! कान नसलेल्या माणसाच्या हातात अशी वस्तू पडते याचं वाईट वाटतं.

घरी येऊन डबी उघडली. डॅकची पिन छोटी, गोल कडांची, नव्या पद्धतीची. माझ्या लॅपटॉपला जुनी, चौकोनी, मोठी भोकं. बसेना. पाऊण तास प्रयत्न केला. दिशा म्हणाली, डॅक पोरगा बघायला आलाय आणि लॅपटॉपला पसंत नाय. तिच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं आहे.

सोमवार, २१ एप्रिल

एम. जी. रोडला कन्व्हर्टर मिळाला. दुकानदाराने लॅपटॉपचं वय विचारलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच म्हातारा. रागारागात न तपासता घेतला. घरी आल्यावर कळलं, उलटा आहे. मोठ्याचं छोटं करणारा. मला छोट्याचं मोठं करणारा हवा होता.

उद्या परत जायचं. घाई नाही. उलट या आठ दिवसांत देवळ्याच्या लोकांना आपल्या घरचा भारदस्तपणा लक्षात आला असेल.

मंगळवार, २२ एप्रिल. दुपारी

कन्व्हर्टर बदलून मिळाला. आणि मोठी बातमी! भाग्यश्रीचा मेसेज! बायोडेटावरून नंबर घेतला असेल. व्हॉइस नोट. चौतीस सेकंद.

ऐकली नाही.

लोकांना हे कळणार नाही. पण ज्या माणसाने पहिल्याच भेटीत अकरा मिनिटं साऊंडवर सांगितलं, त्याने तिची पहिली व्हॉइस नोट फोनच्या फालतू स्पीकरवर ऐकायची? कदापि नाही. डॅकवरच ऐकणार. तत्त्व आहे.

चौतीस सेकंद चांगले की वाईट? नकार द्यायला चार सेकंद पुरतात. पण नम्र नकाराला चौतीस लागू शकतात. फार्मसीवाल्या नम्र असतात. ते जाऊ दे. आवाज मुळात नीट यायला हवा.

बुधवार, २३ एप्रिल

डॅक जोडला! निळा दिवा लागला. आई हळद-कुंकू घेऊन आली होती, भोकात जाईल म्हणून थांबवलं.

पुंजाबाबांचं वाक्य लावणार, तेवढ्यात एका ग्रुपवर वाचलं की, नवीन डॅक लगेच ऐकायचा नसतो. आधी चाळीस तास सलग वाजवून मुरवायचा. लोणच्यासारखा. कच्च्या डॅकवर ऐकलं तर कानाला चुकीची सवय लागते ती लागतेच. लाखमोलाचा सल्ला. वेळेवर वाचलं, नाहीतर घात झाला असता.

मुरवण्यासाठी एक खास आवाज असतो, नुसताच श्श असा. तो लावला, हेडफोन गोधडीत गुंडाळून कपाटात ठेवला. चाळीस तास म्हणजे शुक्रवार सकाळ.

गुरुवार, २४ एप्रिल

घोर अज्ञान! मी जरा केस कापायला गेलो, तर आईला घरात कुठेतरी श्श ऐकू आलं. गॅस लीक! रेग्युलेटर काढला, खिडक्या उघडल्या, शेजारच्या उज्ज्वलाकाकूंना बोलावलं. दोघींनी वास घेत घेत सगळं घर पालथं घातलं आणि कपाटापाशी आल्या. काकूंनी गोधडी उघडली आणि वायर उपटली.

पंचवीस तास वाया. काकू जाताना आईला म्हणाल्या, ज्ञानेशचं लग्न लवकर उरका. मी तेच तर करतोय!

परत पहिल्यापासून. दुपारी चारला लावलं. आता शनिवार सकाळ आठ.

बाबांनी जेवताना सुनावलं. म्हणाले, दहा-अकरा दिवस झाले, समोरची माणसं आहेत का दगड, मी लावतो फोन. मी शनिवारपर्यंत मुदत मागितली. बाबा ताटावरून उठले नाहीत, पण भात घेतला नाही.

शुक्रवार, २५ एप्रिल

आज विशेष काही नाही. डॅक छान मुरतोय.

शनिवार, २६ एप्रिल

सकाळी सातला, म्हणजे फक्त एक तास बाकी असताना, बघितलं तर लॅपटॉपने रात्री स्वतःहून अपडेट घेतलेला, बंद होऊन परत चालू झालेला. मधे किती तास बंद होता ते कळायला मार्ग नाही. हिशोब बिघडला. अर्धवट मुरलेलं चालत नाही. परत शून्यापासून.

बाबांनी मुदतीची आठवण केली. म्हटलं, सोमवारी नक्की. आखाजीला अजून चार दिवस आहेत. साखरपुड्याला काय लागतं? साखर आणि पुडा. बाबांना विनोद आवडला नाही.

फोनवर ती व्हॉइस नोट तशीच आहे. दिवसातून चार-पाच वेळा बघतो. नुसती बघतो.

सोमवार, २८ एप्रिल. सकाळी ९.३०

चाळीस तास पूर्ण. अंघोळ करून बसलो. हेडफोन पुसला. पुंजाबाबांचं वाक्य लावलं.

चमत्कार! मिशांवरून हात फिरवल्याचा आवाज आला. मागे कोणीतरी कांद्याची गोणी टाकली, तीही ऐकू आली. एक शेळी आहे. ‘आमले पोऱ्या पसंद’ तर असं आलं की आजोबा माझ्या मांडीवर बसलेत. आणि पुढे श्शे.

हिस गेला नाही. उलट इतका स्पष्ट झाला की त्याला मात्रा ऐकू येते.

म्हणजे दोष लॅपटॉपचा नाही, रेकॉर्डिंगचाच. हिस तिकडूनच आलाय. देवळ्याचा हिस आहे. यावर डॅकच्या पुढचं मोठं यंत्र लागेल, ॲम्प्लिफायरवालं. बघून ठेवलं आहे.

व्हॉइस नोट? आधी आजोबांचा निकाल, मग तिची. क्रमाने गेलेलं बरं.

बाबांना सांगितलं, बुधवारपर्यंत. ते चप्पल घालून मळ्यात गेले.

मंगळवार, २९ एप्रिल. सकाळी ११

चिमाजीमामा आले होते. सटाण्याचे. दर सणाला पिकअप घेऊन आमच्याकडून झेंडू नेतात. उद्या आखाजी, म्हणून आज आले. गाडीत माल भरेपर्यंत चहा घ्यायला ओट्यावर बसले. बाबांनी माझ्यासमोरच माझं गाऱ्हाणं सांगितलं, की बघा हा पंधरा दिवस एका वाक्याला धरून बसलाय.

मामा म्हणाले, ऐकू दे की. हेडफोन कानावर चढेना, फेटा आडवा येत होता, म्हणून एकच बाजू कानाशी कपासारखी धरली. मी वाक्य लावलं. त्यांनी एकदाच ऐकलं. मग माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे, आणि असे हसायला लागले की बशीतला चहा धोतरावर.

म्हणाले, अरे भल्या माणसा, पसंद शे! अहिराणी आहे ती. आमच्याकडे आहेला शे म्हणतात. आमले पोऱ्या पसंद शे. आम्हाला पोरगा पसंत आहे. म्हाताऱ्याने खणखणीत होकार दिलाय आणि तू त्याला खरखर म्हणतोस?

शे म्हणजे आहे.

मी मशीन आणलं होतं ते हा होकार पुसून टाकायला.

आईने देवाला साखर ठेवली. बाबा पहिल्यांदा हसले. दिशाने मला मिठी मारली, मग चिमटाही काढला. मी सगळ्यांना सांगितलं की डॅकमुळेच ‘शे’ इतका स्वच्छ आला, साध्या भोकातून मामांनाही कळला नसता. मामा म्हणाले, मला बाजारातल्या गोंगाटातपण कळला असता. ते चेष्टेत म्हणाले.

सहा नकारांनंतर होकार! सहा पेंडिंगनंतर, असं म्हणायचं होतं.

आता व्हॉइस नोट. दार लावून घेतो.

दुपारी १२.१५

ऐकली.

क्वालिटी उत्तम आहे. ती म्हणते, नमस्कार, भाग्यश्री बोलते. आमच्या आजोबांनी तर तुमच्यासमोरच होकार दिला. सोमनाथकाका म्हणाले की तुमच्याकडून अडचण आहे, कळवतो म्हणालात. कळवतो म्हणजे काय ते आम्हाला समजतं. पण मला वाटलं एकदा स्वतः विचारावं. शुक्रवारी दुसरीकडचे लोक बघायला येणार आहेत. तुमचं खरंच हो असेल, तर त्याआधी एक फोन करा. नसेल तरी राग नाही.

‘नसेल तरी’च्या आधी ती थांबते आणि एक खोल उसासा सोडते. स्पष्ट ऐकू येतो.

शुक्रवार म्हणजे २५. डॅक छान मुरत होता तो.

दुपारी १.००

फोन केला. साधा, हातातला, कानाला लावून. तिने दुसऱ्या रिंगला उचलला. मी सगळं सांगितलं. हिस, एकलहरे, कन्व्हर्टर, कपाट, गॅस, शे. ती हसली. खूप हसली. मग म्हणाली, शुक्रवारी ते लोक आले, त्यांनी जागेवरच हो म्हटलं, इकडूनही हो झालं. उद्या आखाजीला साखरपुडा आहे. मुलगा पिंपळगावचा.

मी म्हटलं, मी कळवतो म्हणालो ते खरंच कळवणारच होतो. ती म्हणाली, अहो, स्थळाच्या बाबतीत कळवतो म्हणजे नाही, हे नाशिक जिल्ह्यात कोणाला माहीत नाही?

मला माहीत नव्हतं. सहा वेळा ऐकून माहीत नव्हतं.

मग न राहवून विचारलं, की शेवटी तुम्ही तो उसासा सोडलात तो. ती म्हणाली, कुठला उसासा? दुकानातला फ्रिज आहे तो, इंजेक्शनांचा. मधेच असा आवाज करतो. गिऱ्हाईक आलंय, ठेवते.

मी नोट आधी ऐकली नाही, ती क्वालिटीसाठी नव्हे. मी घाबरलो होतो. बायोडेटा पाठवल्यापासून घाबरलो होतो. हे इथे लिहून ठेवतो, बाहेर सांगायची गरज नाही.

बाबांना सांगितलं. ते खूप वेळ टोपी झटकत राहिले. मग म्हणाले, जेवून घे.

बुधवार, ३० एप्रिल. आखाजी

सुट्टी. आमरस खाल्ला. डॅक डबीत भरून ठेवला. दिशा काही बोलली नाही, हे जास्त वाईट.

दुपारी ही वही पहिल्यापासून चाळली. डॅक हा शब्द किती वेळा आलाय ते मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. त्याची पिन, त्याचा दिवा, त्याचे तास, सगळं लिहिलेलं आहे. भाग्यश्री मला आवडली, असं कुठेच लिहिलेलं नाही.

आवडली होती.

आज अकरा वाजता तिचा साखरपुडा झाला.